काकूच्या फाटकासमोर

फोन आला तेव्हा मी बाल्कनीत चादरी वाळत घालत होते. अनोळखी नंबर. उचलला, तर पलीकडे आधी नुसता श्वास ऐकू आला आणि मग कुणीतरी हळूच म्हणालं, "पापा?"

मला पापा म्हणणारं माणूस जगात एकच. तेलुगूत पापा म्हणजे लहानगी पोर. माझे केस आता कानशिलांशी पांढरे झालेत, तरी त्या एका शब्दासरशी मी फ्रॉक घालून काचीगुड्याच्या जुन्या घराच्या जिन्यात जाऊन उभी राहिले. आवाज पार बदलला होता. पण 'पा' लांबवायची तऱ्हा तीच.

"काकू?"

"तुझे काका इथे आलेत. गेटच्या समोर, झाडाखाली उभे आहेत. केव्हापासून उभे आहेत. वॉचमनला सांगायलेत, आत माझी बायको आहे म्हणून." ती थांबली. "पापा, मला भीती वाटायली. तू ये ना लवकर."

मी काकांच्या खोलीकडे धावले. पंखा फिरत होता. पलंगावरची चादर नीट घडी करून उशाशी ठेवलेली. हँगरवरचा इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट नव्हता आणि बाहेरचं दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. मला वाटत होतं, ते जेवून झोपलेत. गेल्या उन्हाळ्यापासून काकांचं विसरणं सुरू झालंय. आधी चष्मा, मग वार, मग गेलेली माणसं गेलीत हेच. तेव्हापासून मी त्यांच्या खिशात माझ्या नंबराची चिठ्ठी ठेवते, काकूला तो त्यातूनच मिळाला असणार. कुकटपल्लीच्या आमच्या सोसायटीत खाली बाकावर बसून ते कुणालाही सांगतात, अमुक नटी आहे ना, ती माझी बायको. पोरं एकमेकांना कोपर मारून हसतात. "हौ अंकल, और हमारी भी," असं कुणीतरी म्हणतं. ती खरंच त्यांची बायको होती, हे आता फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. त्या थोड्यांतली मी एक.

पत्ता त्यांना कुणी दिला असेल, हा प्रश्न टॅक्सीत बसल्यावर पडला, पण त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. हैद्राबादच्या कुठल्याही ऑटोवाल्याला तिचं नाव सांगितलं की तो टेकडीवरच्या त्या बंगल्यापर्यंत नेऊन सोडतो. ते नाव मी इथे लिहीत नाही. घरात ती आमची काकू होती, आणि तिची आई कधी आली तर तिला लच्ची म्हणायची. मला ती दोनच नावं खरी वाटतात.

मेट्रोचे खांब एकामागून एक मागे जात होते आणि एसीचा गार झोत तोंडावर येत होता. त्या थंडीला एक वास होता. तो नाकात शिरला तसं मला कळलं की मी कुठे चाललेय.

अमोनियाचा वास. काका, म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ, त्यांचा गौलीगुड्यात बर्फाचा कारखाना होता. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, फळांच्या वखारींच्या ओळीत. गल्लीत शिरलं की आधी यंत्राचा आवाज पायाला लागायचा, कानाला नंतर. धक्, धक्, धक्. मग दार उघडलं की डोळ्यांतून पाणी काढणारा तो वास, त्याखाली ओल्या गोणपाटाचा, त्याच्याखाली लाकडाच्या भुशाचा. जमीन म्हणजे लाकडी झाकणांची लांबलचक रांग, आणि प्रत्येक झाकणाखाली काळ्या खारट पाण्यात बुडवलेला पत्र्याचा उभा डबा. त्या डब्यात पाणी हळूहळू लादी व्हायचं. मी झाकणांवरून चालायला घाबरायची. काका माझा हात धरून म्हणायचे, "घाबरू नको. झाकण मजबूत आहे." पण त्यांच्या हाताची पकडही तेवढीच घट्ट असायची. आपल्याला धीर देणारा माणूसही खाली बघूनच चालतोय, हे मला तेव्हाही दिसत होतं.

कडक उन्हाळ्यात स्टुडिओवाले बर्फ मागवायचे. दिव्यांच्या उष्णतेनं नट्यांची रंगरंगोटी ओघळायची, म्हणून लाद्या घमेल्यांत ठेवून त्यांच्यासमोर पंखे लावत. एकदा गाडीबरोबर काका स्वतः गेले. तिथे कुणीतरी चक्कर येऊन पडलं होतं. काकांनी बर्फाचा चुरा आपल्या रुमालात बांधून तिच्या हातात दिला. एवढंच मला माहीत आहे. रुमालापासून लग्नापर्यंतची वाट कशी गेली, ते मला कुणी सांगितलं नाही आणि त्या वयात मी विचारलंही नाही. एक दिवस आमच्या माडीवरच्या दोन खोल्यांना पांढरा चुना लागला, आणि एक दिवस गल्लीच्या तोंडाशी माणसंच माणसं जमली, आणि त्या माणसांतून वाट काढत, डोक्यावरून पदर ओढून, ती आमच्या घरात आली. दार लावून घेतल्यावर तिनं पहिलं काय केलं असेल, तर पाठ दाराला टेकवून खाली बसली आणि जोरात हसली. आई पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी.

ती आली आणि घराचा वास बदलला. कोल्ड क्रीम, मोगरा, तोंडावरचा रंग काढायच्या तेलाचा उग्र दर्प. शूटिंगहून आली की ती बादलीत पाय सोडून बसायची आणि काका जिन्यात बर्फ फोडायचे. लोखंडी टोचा लादीत घुसताना येणारा तो कचकच आवाज म्हणजे काकू घरी आल्याची खूण. मी एखादा तुकडा तोंडात टाकून, गाल बधिर होईस्तोवर तिच्या बादलीशेजारी बसून राही. ती मराठी शिकत होती. "पापा, माझा साडी कुठे गेला?" आम्ही हसलो की ती आमच्याहून जास्त हसायची. आईची ज्वारीची भाकरी तिला फार आवडे, आणि अंबाडीचं लोणचं ती स्वतः घालायची, इतकं तिखट की बाबा खाऊन डोळे पुसत आणि पुन्हा मागत.

हे सगळं होतं. पण संध्याकाळ झाली की आमच्या घरात एक काम आधी व्हायचं, मग दिवाबत्ती. खिडक्या लावायच्या. रस्त्यावरच्या खिडक्या तर कायमच्या मिटलेल्या. बाहेर माणसं उभी असत. कुणी फुलं फेकत, कुणी नाव घेऊन हाका मारत. कधी कौलांवर दगड येई, तो प्रेमाचा की रागाचा, ते कळायचं नाही. काचीगुडा स्टेशनवरून गाडी सुटल्याची शिट्टी झाली की घोळका पांगायचा. मला त्या शिट्टीची वाट बघायची सवय लागली. अजूनही गाडीची शिट्टी ऐकली की माझे खांदे सैल पडतात.

मग एक माणूस असा आला की जो शिट्टी झाल्यावरही जाईना.

तो हाका मारत नसे. समोरच्या लिंबाखाली, हात पाठीशी बांधून, नुसता उभा. स्वच्छ पांढरा सदरा, केसांना तेल, हातात काही नाही. शाळेत गणित शिकवत असेल असा चेहरा. दुपारी केव्हातरी यायचा, आणि भूक लागली की निघून जायचा. पुन्हा दुसऱ्या दिवशी तिथेच. बाबांनी एकदा जाऊन विचारलं. तो अदबीनं म्हणाला, "घर है मेरा, साब. बीवी अंदर है." बाबा परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. शिव्या देणाऱ्या माणसाला काय सांगायचं ते बाबांना ठाऊक होतं, पण हा तर नमस्कार करत होता.

खिडकीच्या फटीतून मी त्याच्याकडे बघायची. तो कधीही इकडेतिकडे बघत नसे. एका जागी एवढा वेळ उभं राहणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

ती दुपार उन्हाळ्याचीच. बाबा कचेरीत, आई पेपर तपासायला गेलेली. खालच्या बैठकीत वाळ्याचा पडदा ओला करून मी आणि काकू फरशीवर लवंडलो होतो. दार कसं उघडं राहिलं ते कधीच कळलं नाही. मी मान वळवली तर तो आत उभा होता. त्यानं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या होत्या. काकांच्या जुन्या जोडाशेजारी, अगदी सरळ, टोकाला टोक लावून.

"मैं आ गया," तो म्हणाला. आवाज इतका मऊ होता की मला ओरडायचंही सुचलं नाही.

काकूची नखं माझ्या मनगटात रुतली. मग हळूहळू सुटली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला तिचीच भीती वाटली. कारण ती भ्यायलेली दिसत नव्हती. एका क्षणापूर्वीचा चेहरा कुठेतरी काढून ठेवला होता, आणि तिथे कुणा दुसऱ्याच बाईचा, दिवसभर नवऱ्याची वाट बघून दमलेल्या बाईचा चेहरा होता.

"आ गये?" ती उठत म्हणाली. "इत्ती धूप में? बैठो. हाथ-मुँह धो लो. खाना लगाती."

तो बसला. काकांच्या पाटावर.

तिनं त्याला पाणी दिलं, ताट घेतलं, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पापा, बरफ खतम हो गया. जा, कारखाने से ले के आ."

माठात पाणी होतं, फडक्यात बर्फही होता. मी निघाले. उंबऱ्यापर्यंत चालत, आणि तिथून पुढे धावत. डांबर तापून मऊ झालं होतं, मी अनवाणी होते, आणि तळव्यांना काही लागत नव्हतं. कोपऱ्यावर आमच्या ओळखीचा रिक्षावाला पेंगत बसला होता. "गौलीगुडा," मी म्हणाले, आणि त्याच्या पाठीकडे बघत बसले. रिक्षाची साखळी कुरकुरत होती. प्रत्येक कुरकुरीबरोबर मला घरातलं काहीतरी दिसत होतं, आणि जे दिसत होतं ते मी आजही कुणाला सांगितलेलं नाही.

काका गमबूट घालून, कमरेला गोणपाट गुंडाळून, साखळीनं डबा वर ओढत होते. मला नीट बोलता येईना. "काकू म्हणाली, बर्फ आण," एवढंच निघालं.

त्यांनी माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं. समोरची लादी गोणपाटात घालून टेम्पोत टाकली, मला उचलून पुढे बसवलं, आणि तसेच, गमबुटांत, निघाले. वाटेत ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. "जिवंत असू दे. जिवंत असू दे." मला वाटतं, आपण मोठ्यानं बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं.

घरात भाताचा आणि तुपाचा वास होता. तो जेवत होता. फार नीटनेटकं, बोटांची टोकंच भरतील असं. काकू समोर बसून वाढत होती. काका लादी खांद्यावर घेऊन दारात थांबले. गोणपाटातून पाणी ठिबकत होतं.

त्यानं मान वर केली. "ये कौन?"

काकूनं वळूनही बघितलं नाही. "बरफवाला."

काकांची मान ताठ झाली. त्यांचा रिकामा हात कमरेच्या टोच्याकडे गेला, बोटं त्याच्याभोवती मिटली. यंत्र बंद पडल्यावर कारखान्यात जी शांतता पसरते, तशी शांतता झाली. काकूनं आमटीची वाटी खाली ठेवली. थोडी आमटी ताटाबाहेर सांडली, आणि मला कळलं की ते बोटांचं मिटणं तिलाही दिसलंय.

मग काकांची बोटं सुटली. "हौ अम्मा," ते म्हणाले. "बरफ किधर रखूँ?"

"मोरी में रख दो."

"सामने से नक्को जाओ," तो माणूस काकांना म्हणाला, सौम्यपणे, घरधन्यासारखा. "मेरी बीवी खाना परोस री."

काका भिंतीच्या कडेनं, अंग चोरून, स्वतःच्या बैठकीतून मोरीपर्यंत गेले. मी त्यांच्या मागे. लादी खाली ठेवताना त्यांचे दात वाजत होते. बर्फामुळे असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

जेवताना त्यानं काकूला सगळं सांगितलं होतं. थोरली बहीण बसस्टँडजवळ राहते, तीच स्वयंपाक करते, तीच सदरे धुते. काकू म्हणाली, "बरफवाले भैया गाड़ी में छोड़ देते. दीदी राह देखती होगी." तो लगेच उठला. हात धुतले. चपला घालताना वळून म्हणाला, "शाम कू आऊँ?"

"हौ. जाओ अब," ती म्हणाली. आणि हसली. ते हसू मी पुढे पडद्यावर अनेकदा पाहिलं, आणि दर वेळी मला बघवलं नाही.

काका त्याला टेम्पोत शेजारी बसवून घेऊन गेले. बहिणीनं दारातच रडत हात जोडले म्हणे. भाऊ आजारी आहे, चांगला शिकलेला होता, मग डोकं फिरलं, आता गावी घेऊन जाते. आणि ती घेऊनही गेली. तो माणूस पुन्हा कधी दिसला नाही. त्यानं आमचं कुणाचं काही वाकडं केलं नाही. नुसता भात खाऊन गेला.

आई परत आली तेव्हा काकू मोरीत बसून ते एकच ताट घासत होती. काका आले, सरळ मोरीत गेले आणि ओकले. तिनं उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मोरीतल्या लादीचं पाणी होऊन पार अंगणापर्यंत आलं होतं.

त्यानंतर घरात लोखंड यायला लागलं. आधी खिडक्यांना गज. मग माडीच्या गॅलरीला जाळी, मग जिन्याला दार. दाराला पितळी कडी होतीच, तिच्याखाली अडसर, अडसराखाली कुलूप, कुलपावर साखळी. काका कारखान्यात जाईनासे झाले. ते शूटिंगला तिच्याबरोबर जात आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून बसत. कुणी फुलं पाठवली की पाकळ्या सुट्या करून बघत. फोन वाजला की आधी ते उचलत, आणि पलीकडचा माणूस बोलेपर्यंत गप्प राहत. "कोण होतं? काय म्हणत होता? दोनदा का फोन केला?" ते कधी ओरडले नाहीत. हात उगारणं तर दूरच. पण त्यांच्या डोळ्यांत आता सतत तो उंबरा होता, चपलांचा दुसरा जोड ठेवलेला. कारखान्याच्या गल्लीत शिरलं की पायाला लागणारा तो यंत्राचा ठेकाही अधूनमधून थांबू लागला. बर्फ फोडायचा आवाज घरात येईना. काकू नळाच्या पाण्यात पाय बुडवून बसायची.

एकदा स्वयंपाकघरात आई भाजी चिरत होती, मी शेंगा सोलत होते. काकू ओट्याशी उभी होती, आणि काका दारात, नेहमीसारखे. ती वळली आणि फार दमलेल्या आवाजात म्हणाली, "तो माणूस निदान भूक लागली की घरी जायचा. तुम्ही जातच नाही."

आईचा हात विळीवर थांबला. काका दारातून हलले नाहीत.

ती गेली तो दिवस मला आठवतो. सकाळची वेळ होती. बाहेर मोटार आली होती. तिच्या हातात रंगाची पेटी, बाकी काही नाही. दाराशी येऊन ती थांबली, कारण किल्ल्या काकांकडे होत्या. ते आले. साखळी काढली. कुलूप काढलं. अडसर सरकवला. प्रत्येक ठिकाणी त्यांचा हात घसरत होता, किल्ली भोकात जात नव्हती. ती वाट बघत उभी होती. तिनं घाई केली नाही, मदतही केली नाही. शेवटची कडी निघाली आणि ऊन आत आलं. माझ्या गालाला हात लावून ती म्हणाली, "पापा, नीट शिक." आणि निघाली. काका उघड्या दारात उभे राहिले. त्या दिवशी दार कुणी लावलंच नाही.

पुढे घरोघरी फ्रिज आले आणि बर्फाच्या लाद्या संपल्या. काकांनी कारखाना विकून शहराबाहेर शीतगृह काढलं, ते चालवलं, वाढवलं, मग तेही सोपवून दिलं. दुसरं लग्न केलं नाही. तिचा सिनेमा बघितला नाही. आईबाबा गेल्यावर काचीगुड्याच्या घरात एकटेच राहत होते, मग मी त्यांना माझ्याकडे आणलं. गौलीगुड्याच्या त्या गल्लीत आता मोबाइलच्या दुकानांची रांग आहे. मध्यंतरी तिथून जाताना मी मुद्दाम पाय टेकवून उभी राहिले. जमीन अगदी गप्प होती.

"मॅडम, यहीच ना?" टॅक्सीवाला म्हणाला.

उंच भिंतींचा शांत रस्ता. आणि समोर, बदामाच्या झाडाखाली, माझ्याकडे पाठ करून एक म्हातारा माणूस. पांढरा बुशशर्ट, केस पाणी लावून बसवलेले, हात पाठीशी बांधलेले. मी टॅक्सीतून उतरले आणि दाराला धरून उभी राहिले. हे उभं राहणं मी आधी पाहिलं होतं.

"काका," मी त्यांच्या कोपराला धरून म्हणाले, "चला, घरी जाऊ."

"आत जायचंय," ते समजावल्यासारखं म्हणाले. "बायको आहे आत. हा माणूस दार उघडत नाही."

वॉचमन वैतागला होता. "दोपहर से यहीच बोल रे. मैंने सिक्युरिटी कंपनी में फोन कर दिया मैडम, गाड़ी आ री." पलीकडे खाण्याची पार्सलं पोचवणारा एक पोरगा स्कूटर थांबवून मोबाइल वर धरून उभा होता. मी हात आडवा केला, तर तो दोन पावलं सरकून पुन्हा उभा. माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र हजारो मोबाइलवर फिरताना दिसलं. नटीच्या घरासमोर वेडा म्हातारा. व्हिडिओखाली हसणारी माणसं.

गाडी आलीच. गणवेशातले दोन तरुण उतरले आणि त्यांनी काकांना दंडाला धरलं. "चलो बाबा, चलो." काकांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला सोसवेना. ओढून नेल्या जाणाऱ्या जनावराची नजर असते, तशी. "ते आजारी आहेत," मी मराठीत ओरडले, मग हिंदीत, मग तेलुगूत. कुणी ऐकत नव्हतं.

तेवढ्यात मोठ्या फाटकाच्या पोटातलं छोटं दार उघडलं.

ती बाहेर आली. ठेंगणी, वाकलेली, हातात काठी, अंगात घरातला सुती गाऊन, वर टॉवेल घेतलेला. पार्सलवाला पोरगा तिच्या डोक्यावरून आत बघत होता, नटी केव्हा येते म्हणून. तिनं रस्ता ओलांडला. मधेच थांबून तिनं दोन्ही बाजूंना बघितलं, मग पुन्हा एकदा बघितलं. वॉचमन नंतर म्हणाला, त्यानं तिला पायी फाटकाबाहेर आलेलं कधी बघितलंच नव्हतं.

"छोड़ो," ती म्हणाली. "मेरे घर के हैं."

त्यांनी सोडलं. पोरानं मोबाइल खाली घेतला आणि निघून गेला.

छोट्या दारापाशी आम्ही तिघं उभे होतो. आत व्हरांड्यात एक मोठा पडदा लावलेला होता, आणि त्यावर फाटक, भिंत, रस्ता, झाड, सगळं वेगवेगळ्या कोनांतून दिसत होतं. माझी नजर तिकडे गेलेली तिला कळली. "दिवसभर हेच बघते मी," ती हळूच म्हणाली. "सिनेमा नाही बघत." मग काकांकडे वळून, "या ना आत. बसा."

काकांनी पायरीवर पाऊल ठेवलं नाही. तिच्याकडे नीट बघून, परक्या बाईशी बोलतात तसं ते म्हणाले, "नको बाई. तुम्ही इथल्याच का? माझी बायको आत राहते. तिला एक निरोप सांगाल?"

काकूच्या हातातली काठी किंचित सरकली. "सांगते."

"तिला म्हणावं, मी आत येत नाही. घाबरू नको म्हणावं. ती बरी आहे ना, तेवढं बघायला आलो होतो." ते थांबले. कपाळाला आठ्या घालून काहीतरी शोधत होते. "ती अजून घाबरते का हो?"

मला वाटलं, ती आता चेहरा बदलेल. हसेल, नाही म्हणेल. तिला ते किती सहज जमतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण ती तशीच राहिली. सुरकुतलेली, ओठ थरथरणारी, भ्यायलेली.

"हौ," ती म्हणाली. "घाबरते."

काकांनी मान हलवली. खूप वेळ हलवत राहिले. "मग मी जातो," ते म्हणाले, आणि वळून, कुणाचाही हात न धरता, टॅक्सीपर्यंत चालत गेले. काकू दार न लावता बघत उभी होती. मी तिचे हात हातात घेतले. ते बर्फासारखे होते. "फोन करत जा, पापा," ती म्हणाली. यापुढे दर रविवारी करीन, असं मी तिला सांगितलं.

परतीच्या वाटेवर ऊन तिरपं झालं होतं. काका खिडकीतून बाहेर बघत होते, शांत, हात मांडीवर. मला वाटलं, झालं, सुटलो एकदाचे. एका सिग्नलला टॅक्सी थांबली. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, अगदी अदबीनं, आणि विचारलं, "तुम्ही कुठे उतरणार?"

मी त्यांच्याजवळ सरकून बसले.

"तुमच्याबरोबरच, काका."

"हौ?" त्यांनी माझा हात हातात घेतला आणि घट्ट धरला. "बरं झालं. एकट्यानं जायला फार भीती वाटते मला."